पातळ रक्ताची भानगड

सिद्धोधनच्या डोळ्यात रक्त उतरलं ते मुंजाजीच्या चुलत्याच्या तेरवीला, बुंदीची दुसरी वाढ ताटात पडत असताना.

हा चुलता म्हणजे व्यंकटराव, ताडकळसातलं बडं प्रस्थ. सिद्धोधन आणि मुंजाजी एका वर्गातले जिगरी दोस्त, पण व्यंकटरावानं सिद्धोधनला जन्मात कधी ओसरीवर चढू दिलं नव्हतं. मुंजाजीला खेळायला बोलवायचं तर अंगणात उभं राहून हाक मारावी लागायची. पुढं सिद्धोधन रेल्वेत गार्ड झाला, पूर्ण्यात घर बांधलं, रिटायर झाला. व्यंकटराव मात्र ओसरीवरच राहिला आणि शेवटी फोटोत गेला. तेरवीचं आमंत्रण आलं तसा सिद्धोधन पूर्ण्याहून मोटरसायकल काढून हटकून आला आणि ओसरीवरच्या पंगतीत, हार घातलेल्या फोटोच्या ऐन समोर बसला.

त्याला वीसेक वर्षांपासून शुगर होती. मागच्या दिवाळीनंतर नांदेडला हृदयात जाळी बसवली होती. निघताना बायकोनं, पंचफुलानं, बजावलं होतं की वरण-भात खाऊन या, गोडाकडं बघू पण नका. पंचफुला जिल्हा परिषदेची रिटायर मास्तरीण. तिचं बजावणं साऱ्या गल्लीला ऐकू जायचं.

"व्यंकटरावाच्या नावानं गोड खायाला सारा जन्म थांबलोय," सिद्धोधन शेजारच्याला म्हणाला. "आज शुगर आडवी आली तर तिलाबी पाट टाकून बसवतो."

पहिली वाढ संपली. दुसरी पडली आणि त्याला बुंदीवर काळे ठिपके पळताना दिसले.

"अहो वाढपी! बुंदीत मुंग्या झाल्यात."

वाढप्यानं वाकून पाहिलं. "कुठं हायत?"

"ह्या काय, पळायल्यात की!"

मुंजाजी धावत आला. चुलत्याच्या तेरवीला मुंग्या निघाल्या म्हणजे भावकीत वर्षभर बोलायला विषय झाला असता. त्यानं ताट बदललं. नव्या ताटातही मुंग्या. सिद्धोधननं वर पाहिलं तर मुंग्या भिंतीवर चढल्या होत्या, आणि व्यंकटरावाच्या फोटोवर, मिशीपासून कानापर्यंत, एक जाळं लोंबत होतं. तो उठला आणि खांद्यावरच्या टॉवेलनं फोटो पुसायला लागला. जाळं निघेना. त्यानं आणखी जोरात पुसलं. पंगतीतले लोक घास थांबवून बघायला लागले. ज्यानं कधी दारात उभं केलं नाही त्याच्या फोटोवर हा माणूस माया करतो आहे, हे बघून आतल्या बायांना हुंदका फुटला. तेरा दिवसांत व्यंकटरावासाठी कुणी इतकं रडलं नव्हतं.

तेवढ्यात ते जाळं पसरलं, तांबूस धूर झाला, आणि धुरामागं व्यंकटराव दिसेनासा झाला. सिद्धोधननं उजवा डोळा झाकला, सगळं लख्ख. डावा झाकला, तर जुन्या विटकरी पडद्याआडून बघावं तसं.

"मुंज्या," तो हळू आवाजात म्हणाला, "लेका, माझा उजवा डोळा गेला."

मुंजाजीनं त्याला मागच्या गोठ्याकडं नेऊन खाटेवर बसवलं. मुंजाजी तसा शेतकरी, पण मोबाइल घेतल्यापासून निम्मा वैद्य झाला होता. मूतखडा, मूळव्याध, टक्कल, सगळ्यावरचे उपाय त्याच्याकडं सकाळच्या नमस्कारासोबत यायचे आणि दुपारपर्यंत पुढं जायचे. त्यानं सिद्धोधनच्या पापण्या ओढून आत पाहिलं. काही दिसलं नाही, पण ते त्यानं कबूल केलं नाही.

"तू त्या रक्त पातळ करायच्या गोळ्या खातोस ना?"

"हौ. जाळी बसवल्यापासून. डॉक्टर म्हणला, सोडायच्या न्हाईत."

"मग झालं तर! पिठलं घट्ट असलं तर भाकरीवर बसतंय, पातळ केलं की ताटभर पळतंय. रक्त पातळ केलंय, मग ते मिळंल तिथून गळणारच. आज डोळ्यातून गळालं. उद्या कुठून गळंल ते बाईमाणसं घरात असताना सांगवत न्हाई."

सिद्धोधनला हे पटलं. इतकं सोपं कुठल्याच डॉक्टरानं त्याला आजवर सांगितलं नव्हतं. शिवाय त्याचा हिशोब वेगळाच होता. "हृदय बंद पडलं तर काय, मेलो," तो म्हणाला. "मेलेल्याला कुठं काय बघायचंय? पण डोळे गेले तर जित्तेपणी नुसतं पंचफुलाचं ऐकत बसावं लागंल."

त्या दिवसापासून त्यानं गोळ्या सोडल्या. पंचफुला रोज गोळ्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभी राहायची. शाळेत लस टोचताना पोरांवर ठेवायची तशीच नजर. सिद्धोधन गोळ्या तोंडात टाकायचा, पाणी प्यायचा, गोळ्या जिभेखाली धरायचा आणि चूळ भरायला म्हणून मागच्या दाराला जाऊन कोरफडीच्या कुंडीत थुंकायचा. शुगरची गोळी मात्र इमानदारीत गिळायचा. आपण अडाणी नाही याचा त्याला अभिमान होता.

डोळ्याचं मात्र पंचफुलानं मनावर घेतलं. परभणीला डोळ्याच्या डॉक्टरीणबाई होत्या, शिवकन्या मॅडम. त्यांची वेळ तिनंच घेतली. पण ऐन त्या दिवशी पेडगावच्या बहिणीचा फोन आला, ती पाय घसरून पडली होती. पंचफुला तिकडं पळाली आणि सिद्धोधनसोबत मुंजाजी निघाला. दोघं पूर्ण्याहून रेल्वेनं परभणीला गेले. वाटेत सिद्धोधननं तिकीट तपासनिसाला, फलाटावरच्या भजेवाल्याला आणि एका अनोळखी बाईला सांगितलं की तो रिटायर झाल्यावर रेल्वेनं गार्डाचं नाव ट्रेन मॅनेजर केलं. हे त्याचं आयुष्यातलं मोठं दुःख होतं. जाळी त्याच्यानंतर.

दवाखान्यात डोळ्यात थेंब टाकून त्याला बसवून ठेवलं. मग उजव्या डोळ्याची सोनोग्राफी झाली. "मला दिवस गेलेत का बगा," सिद्धोधन म्हणाला. तिथल्या बाईला हसू आलं नाही. ती हा विनोद रोज ऐकत असावी. मग हाताच्या शिरेत पिवळं औषध टोचून डोळ्याचे फोटो काढले. लघवी एक-दोन दिवस पिवळीधमक होईल, घाबरू नका, असं तिनं सांगितलं. मुंजाजीनं हा दाखला लगेच मनात टिपून ठेवला. काविळीवर कुणाला सल्ला द्यायला उपयोगी पडला असता.

शिवकन्या मॅडम वयानं सिद्धोधनच्या मुलीएवढ्या. त्यांनी रिपोर्ट पाहिले.

"काका, तीन महिन्यांची सरासरी लय जास्त आहे शुगरची."

"तपासणीच्या आधी दोन दिवस तर मी कारलं खाल्लं!"

"म्हणूनच तीन महिन्यांची काढतो आम्ही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत ना?"

"हायत की," सिद्धोधन बेधडक म्हणाला. मुंजाजी वर पंख्याकडं बघायला लागला.

"त्या अजिबात सोडायच्या नाहीत. डोळ्यात रक्त आलं की लोक पहिल्यांदा त्याच सोडतात."

मुंजाजीला राहवलं नाही. "पण मॅडम, रक्त पातळ झालं तर ते गळणारच की."

मॅडमनी कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडं वळवला. सिद्धोधनच्या डाव्या डोळ्याचा फोटो होता. उजव्यात रक्त असल्यानं आतलं काही दिसत नव्हतं, पण डाव्यातही तेच सुरू झालं होतं. झाडाच्या फांद्यांसारख्या नसा, मधे मधे काळे पट्टे, आणि कडेला पांढऱ्या धुक्याचे दोन-तीन गोळे.

"हे काळं दिसतं ना, इथं रक्त पोचतच नाही. शुगरनं बारीक नसा आतून खराब होतात. रक्त चिकट होतं, त्यातल्या पेशी एकमेकीला धरून बसतात, बारीक गुठळ्या होतात, नस बंद पडते. शेताला कॅनॉल आहे का तुमच्या?"

"हाय," मुंजाजी म्हणाला. "अगदी टेलला, पार शेवटच्या टोकाला. पाणी कागदावर येतंय."

"मग वरती कुणी अडवलं आणि पाणी आलं नाही तर काय करता?"

मुंजाजीनं इकडंतिकडं पाहिलं. खोलीत पाटबंधारेवालं कुणी नव्हतं. "मधेच फोडून घेतोत."

"डोळ्याचा आतला पडदा पण तेच करतो. रक्त मिळेना म्हणून नव्या नसा काढतो. हे पांढरं धुकं म्हणजे त्या. पण त्या कच्च्या असतात. धड अस्तर नाही, काही नाही. जोरात शिंक आली तरी फुटतात, नाही आली तरी फुटतात. काकांचं तेच झालंय. रक्त पातळ झालं म्हणून गळालं नाही. आधी मागं अडलं, म्हणून पुढं फुटलं."

कॅनॉलच्या टेलला ज्याचं आयुष्य गेलं त्याला याच्यापुढं काही सांगायची गरज नव्हती.

"आणि गोळ्यांचं म्हणाल तर," मॅडम पुढं बोलल्या, "जाळीच्या ज्या गोळ्या असतात त्यांनी हे रक्त येणं वाढत नाही, हे पुष्कळ पेशंटांवर तपासून झालंय. सोडल्या तर मात्र जाळीतच गुठळी होऊ शकते. डोळ्याचं मी बघते. हृदयाचं सांभाळा."

त्यांनी डाव्या डोळ्याला त्याच दिवशी थोडं लेझर केलं. उजव्यातलं रक्त खाली बसलं की त्यालाही करू म्हणाल्या. तोवर उशाला दोन-तीन उशा घेऊन, डोकं उंच ठेवून झोपायला सांगितलं.

परतीच्या गाडीची वाट बघत दोघं फलाटावर बसले. मुंजाजीनं शेंगांची पुडी घेतली होती, पण एकही शेंग फोडली नव्हती.

"सिद्ध्या, गोळ्या चालू कर."

"का म्हणून?"

"ऐकलं न्हाईस का? माझं चुकलं. रक्त पातळ न्हाई, घट्ट हाय."

"त्या पोरीला कॅनॉलमधलं काय कळतंय?"

"मला कळतंय ना! मी टेलचा माणूस हाय!"

"हे बघ मुंज्या, पहिल्यांदा तूच सांगितलंस, आता तूच फिरवायलास. तुझं एक काहीतरी खरं धरावं लागंल. मी पहिलं धरलंय."

"मग मी वैनीला सांगतो."

सिद्धोधनचा चेहरा एकदम उतरला. चेष्टा करायची त्याची सवय, पण आत्ता तो हसत नव्हता. "सांगू नको. शपथ घे."

"तू कधीपासून शपथा मानायला लागलास?"

"मी न्हाई मानत. तू मानतोस. म्हणून तूच घे."

मुंजाजीनं मारुतीची शपथ घेतली आणि तेवढ्यावरून त्याची झोप उडाली.

पुढं झालं असं की सिद्धोधनला खरंच बरं वाटायला लागलं. उशांवर डोकं उंच ठेवून झोपल्यानं डोळ्यातलं रक्त खाली बसत होतं. धूर विरळ झाला, खिडकीचे गज दिसायला लागले, मग बाहेरचा लिंब. सिद्धोधननं याचं सगळं श्रेय स्वतःच्या अकलेला दिलं. गोळ्या सोडल्या आणि नजर आली, यापेक्षा मोठा पुरावा त्याला नको होता. तो मुंजाजीला फोन करून म्हणायचा, "आज लिंबावरचा कावळा दिसला. सांग तुझ्या मॅडमला." मुंजाजी म्हणायचा, "गोळी घे रे बाबा." सिद्धोधन म्हणायचा, "कावळा डाव्या बाजूला बघत होता," आणि फोन ठेवायचा.

ताडकळसच्या बाजाराला तो मुद्दाम गेला, नजर आली हे दाखवायला. यावेळी बसनं, कारण मोटरसायकलची किल्ली पंचफुलाच्या कमरेला होती. मुंजाजीला बाजाराच्या तोंडाशी बोलावून घेतलं आणि त्याला सोबत घेऊन लांबूनच भाज्यांची नावं सांगत सुटला. "ते वांगं. ती चवळी. ती तुझी सोयरीण बसलीय, लपू नको."

मिरच्यांच्या ढिगापाशी तो थांबला. कपाळावर घाम आला. ऊन होतं, पण असा घाम मुंजाजीनं कधी पाहिला नव्हता. शर्ट पाठीला चिकटला, ओठ राखाडी पडले.

"छातीत दुखायलंय का?"

"न्हाई. दम लागायलाय नुसता. गॅस हाय. सकाळी वडे खाल्ले."

"मग जबडा कामून धरलास?"

सिद्धोधनला आपण जबडा धरला आहे हे ठाऊकच नव्हतं. तो मिरच्यांच्या पोत्यावर बसला. मिरचीवाली ओरडली, मग त्याच्या तोंडाकडं बघून तिनंच पाणी पुढं केलं. मुंजाजीनं बाजारात आलेली एक जीप थांबवली. आतली कोंबड्यांची खुराडी उतरवून सिद्धोधनला मागं आडवं केलं. वाटेत पूर्ण्याला पंचफुलाला घेतलं. ती पिसांनी भरलेल्या सीटवर नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि नांदेड येईपर्यंत त्याच्याशी भांडत राहिली. जरा गप्प झाली की त्याचे डोळे मिटायचे, म्हणून तिनं भांडण तोडलं नाही.

दवाखान्यात त्याला आत घेतलं. ईसीजीची पट्टी काढली. एक डॉक्टर घाईत बाहेर आला.

"जाळीच्या जागी अडलेलं दिसतंय. गोळ्या वेळच्या वेळी चालू होत्या ना?"

"माझ्या हातानं देते," पंचफुला म्हणाली. "माझ्यासमोर गिळतात. एक दिवस चुकला न्हाई."

मुंजाजी पुढं झाला. आत सिद्धोधन, समोर वैनी, वरती मारुती.

"न्हाई वैनी," तो म्हणाला. "त्यानं सोडल्यात. तेरवीपासून. तो थुंकून टाकायचा."

डॉक्टर एवढं ऐकून आत पळाला. पंचफुला जागेवरच उभी राहिली. तिच्या पदराला अजून एक पीस चिकटलेलं होतं.

"कुणी सांगितलं होतं त्यांना?"

"मी."

ती ओरडली असती तर मुंजाजीला बरं वाटलं असतं. तिनं फक्त हात पुढं केला. "मोबाइल द्या, भाऊजी." त्यानं दिला. कोपऱ्यात झाडूवालीनं फिनेलच्या पाण्याची बादली ठेवली होती. पंचफुलानं मोबाइल त्या बादलीत सोडला, बुडबुडे थांबेपर्यंत बघत राहिली, आणि मग बाकड्यावर बसली. मुंजाजी तिच्यापासून दोन हात लांब बसला. बऱ्याच वेळानं तिनं पदराच्या टोकानं डोळे पुसले आणि त्याला म्हणाली, "सांगितलंत ते बरं केलंत. उशिरा, पण सांगितलंत."

हाताच्या धमनीतून तार घालून डॉक्टरांनी जाळीतली गुठळी काढली. हृदयाचा थोडा भाग कायमचा मार खाऊन राहिला, पण सिद्धोधन वाचला. दुसऱ्या दिवशी पंचफुलाला आत सोडलं. तो नळ्यांमधे पडला होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर, लग्नाच्या इतक्या वर्षांत तिनं पहिल्यांदा पाहिला असा भाव होता. त्याला बोलायला काही सुचत नव्हतं.

"मराया इतकी हौस होती?" ती म्हणाली.

"मराया भेत न्हाई मी."

"मग?"

"माय आठवते का तुला? शेवटी शेवटी तिला दिसायचं न्हाई. शुगरच होती, पण तवा कुणाला कळत होतं. लोक तिच्यासमोर बसून तिच्याच मरणाच्या गोष्टी करायचे. किती लाकडं लागतील, कुणाला कळवायचं. दिसत न्हाई म्हणजे ऐकूबी येत न्हाई असं धरून चालायचे. ती आवाज येईल तिकडं तोंड करून हसायची." त्याचा आवाज बारीक झाला. "मला तसलं हसायचं न्हाई."

पंचफुलाला सासूचं ते हसणं आठवत होतं. तिनं त्याच्या हातावर, सुईला धक्का लागणार नाही अशा जागी, हात ठेवला.

"मला कामून सांगितलं न्हाई?"

"तू हसली असतीस."

"हसलेच असते," ती म्हणाली. "हसून झाल्यावर गोळी दिली असती."

घरी आल्यावर गोळ्या द्यायची रीत बदलली. आता गोळी गिळून झाली की तोंड उघडायचं, जीभ वर, जीभ उजवीकडं, जीभ डावीकडं. मुंजाजी ताडकळसाहून येईल तेव्हा हे काम त्याच्याकडं असायचं. तो बैलाचे दात बघावे तसा वाकून बघायचा आणि सिद्धोधन त्याच्या नाकावर फुंकर मारायचा. मुंजाजीनं साधा, बटणांचा फोन घेतला होता. आता कुणी मूळव्याधीचा उपाय विचारला तर तो म्हणायचा, दवाखान्यात जा.

हृदयवाल्या डॉक्टरानं परवानगी दिल्यावर परभणीला उजव्या डोळ्याचं लेझर सुरू झालं. यावेळी पंचफुला सोबत होती. सिद्धोधनला मशीनसमोर हनुवटी टेकवून बसवलं, कपाळाला पट्टा लावला.

"काका, बोलायचं नाही," शिवकन्या मॅडम म्हणाल्या. "बोललात की डोळा हलतो. डोळा हलला की लेझर भलतीकडं बसतं."

दिवे घालवले. हिरव्या ठिणग्या उडायला लागल्या. सिद्धोधनच्या हातांची बोटं स्टुलाच्या कडेला घट्ट आवळलेली होती, पण तोंडातून शब्द निघाला नाही. ट्रेन मॅनेजरचा विषय निघाला नाही. व्यंकटराव निघाला नाही. पंचफुला कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून ऐकत होती. मशीनची टिकटिक सोडली तर खोलीत कसलाच आवाज नव्हता.

काम झाल्यावर मॅडमनी दिवे लावले. नजर पहिल्यासारखी शंभर टक्के होणार नाही, त्यांनी स्पष्ट सांगितलं. बारीक अक्षराला त्रास होईल, दिवेलागणीला जपावं लागेल. पण गुठळ्यांनी नसा बंद पडून जे कच्चं वाढत होतं ते आता थांबेल, शुगर आवरली तर आहे ते टिकेल, माणसं ओळखू येतील.

"एवढं बास हाय," सिद्धोधन म्हणाला. त्याचे डोळे पाण्यानं भरले होते. ते थेंबांमुळं, असं त्यानं न विचारता सांगितलं.

पंचफुला उठली. पर्स सावरत तिनं विचारलं, "मॅडम, असं अजून किती वेळा करावं लागंल?"

"अजून दोन-तीन वेळा. काळजी करू नका."

"काळजी न्हाई हो," पंचफुला म्हणाली. "थोडं वाढवता येईल का, ते विचारायलेय."